बेळगावचा काँग्रेस रोड आणि टिळकवाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिळकवाडीविषयी गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही प्रश्न जुन्या रहिवाशांच्या मुला-नातवंडांचे आहेत, काही शाळेच्या प्रकल्पासाठी विचारलेले आहेत, तर काही घर विकत घेताना जुनी कागदपत्रे हाती आलेल्या मंडळींचे आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या प्रश्नाला भिडतो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. काँग्रेस रोड नेमका कोठे आहे? टिळकवाडी म्हणजे शहराचा कोणता भाग?

गोगटे सर्कलकडून निघून रेल्वे रुळांच्या कडेकडेने तिसऱ्या गेटच्या दिशेने जाणारा रस्ता म्हणजे काँग्रेस रोड. टिळकवाडी हे जुन्या बेळगाव शहराच्या दक्षिणेकडील उपनगर असून, या रस्त्याखेरीज खानापूर रोड, आरपीडी कॉलेजचा (प्रश्न ११) परिसर आणि वारांची नावे असलेल्या पेठा (प्रश्न ५) त्यात येतात. येथे पत्ता सांगताना आजही रस्त्याच्या नावापेक्षा रेल्वेचे गेट आधी सांगितले जाते. ‘पहिल्या गेटजवळ’ किंवा ‘दुसऱ्या गेटच्या अलीकडे’ एवढे म्हटले की बेळगावकराला पुढचे विचारावे लागत नाही.

२. ठळकवाडी आणि टिळकवाडी या दोन वेगळ्या जागा आहेत का?

नाही, जागा एकच आहे. ठळकवाडी हे जुने नाव असून, लोकमान्यांविषयीच्या आदरातून टिळकवाडी हे नाव रूढ झाले. मात्र जुने नाव पुसले गेले नाही. ठळकवाडी हायस्कूलने ते आपल्या पाटीवर जपले आहे, आणि जुन्या पत्रव्यवहारातही तेच आढळते. त्यामुळे आजोबांच्या पत्रावर ‘ठळकवाडी, बेळगाव’ असे लिहिलेले दिसले, तर तो लेखनदोष समजू नये.

३. मग लोकमान्य टिळक येथे राहत होते का?

टिळकांचे घर पुण्यात होते. बेळगावशी त्यांचा संबंध राजकारणातून आला आणि तो फार महत्त्वाचा आहे. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे मुंबई इलाख्याची प्रांतिक परिषद भरली, त्याच वेळी टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष झाले आणि न. चिं. केळकर यांच्याकडे चिटणीसपद आले. ॲनी बेझंट यांची लीग त्यानंतर काही महिन्यांनी स्थापन झाली, म्हणजे स्वराज्याच्या या चळवळीची पहिली संघटना बेळगावात जन्माला आली. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे निधन झाले, त्यामुळे ज्या काँग्रेस अधिवेशनाने काँग्रेस रोडला त्याचे नाव दिले (प्रश्न ६), ते पाहण्यास ते हयात नव्हते. टिळकवाडीतील एखादा जुना बंगला दाखवून ‘येथे टिळक राहिले’ असे कोणी सांगू लागले, तर पुरावा मागावा.

४. टिळकवाडी वसण्यापूर्वी बेळगावातील सधन लोक कोठे राहत असत?

बेळगावात संपन्नतेचे पत्ते तीन होते आणि त्या तिन्ही ठिकाणची राहणी वेगवेगळी होती. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्यानंतर किल्ल्याच्या पश्चिमेस लष्करी छावणी वसली. तिला आपण कॅम्प म्हणतो. तेथे मोठी आवारे, कौलारू बंगले, सेंट मेरीज चर्च आणि १८५६ पासूनचे सेंट पॉल्स हायस्कूल अशी सगळी गोऱ्या साहेबाची मांडणी होती. दुसरा पत्ता जुन्या शहरातील गल्ल्यांचा. वकील, सरकारी नोकर, शिक्षक आणि व्यापारी गणपत गल्ली, रामदेव गल्ली, रिसालदार गल्ली, खडे बाजार अशा भागांत भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत राहत. तिसरा पत्ता शहापूरचा. तेथे सराफ आणि रेशमी कापडाचे व्यापारी होते. शहापूर त्या काळी सांगली संस्थानात होते, आणि या गोष्टीचे परिणाम आजही कागदपत्रांत भेटतात (प्रश्न १६).

टिळकवाडीने या तिघांपेक्षा वेगळी घडण स्वीकारली. कॅम्पातल्यासारखे अंगण आणि भोवती झाडे, पण घरात देवघर, मागे विहीर आणि पुढे पाय पसरून बसता येईल असा व्हरांडा. पेन्शनीत निघालेले अधिकारी, वकील, डॉक्टर, प्राध्यापक आणि काही कारखानदार हे या घरांचे पहिले पिढीजात मालक. गल्लीतला शेजार सोडून मोकळ्या हवेत येणे ही तेव्हा केवळ ऐपतीची बाब नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या प्लेगने मुंबई इलाख्यातील शहरांना दाटीची धास्ती घातली होती, आणि गावाबाहेर आखून वसाहती करण्याची कल्पना त्यानंतर सर्वत्र बळावली.

५. आमचा पत्ता ‘मंगळवार पेठ, टिळकवाडी’ असा आहे. मग रविवार पेठही टिळकवाडीतच का नाही?

टिळकवाडीत सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार या वारांच्या पेठा आहेत. पुण्यातील पेठांशी त्यांचे नावापुरते साम्य असले, तरी या आठवडी बाजाराच्या पेठा नव्हेत, राहत्या घरांच्या वस्त्या आहेत. बेळगावकर ज्या रविवार पेठेत धान्य आणि किराणा घ्यायला जातात, ती जुन्या शहरातील घाऊक बाजारपेठ आहे. एकाच शहरात वारांची नावे अशी दोन ठिकाणी विभागलेली असल्याने बाहेरगावची पत्रे पूर्वी चुकत, आणि म्हणूनच पत्त्यात ‘टिळकवाडी’ हा शब्द आवर्जून लिहिण्याची पद्धत पडली असावी.

६. काँग्रेस रोड हे नाव कशावरून पडले?

२६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी बेळगावात भरलेल्या भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या ३९ व्या अधिवेशनावरून. महात्मा गांधींनी काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले ते एवढे एकच अधिवेशन. आधीच्या वर्षी काकीनाड्यास मौलाना महंमद अली अध्यक्ष होते आणि पुढच्या वर्षी कानपुरास सरोजिनी नायडू झाल्या, एवढे ध्यानात ठेवले की हे अधिवेशन काळाच्या ओघात कोठे बसते ते कळते.

हे अधिवेशन बेळगावात खेचून आणण्याचे श्रेय गंगाधरराव देशपांडे यांचे. हुदलीचे हे वकील टिळकांचे अनुयायी होते, पुढे गांधीजींच्या मार्गाने गेले आणि खादीच्या कामाला त्यांनी आयुष्य दिले. ‘कर्नाटक सिंह’ म्हणून त्यांना ओळखले जाई. त्यांच्या जोडीला डॉ. ना. सु. हर्डीकर होते, ज्यांच्या हिंदुस्थानी सेवादलाच्या स्वयंसेवकांनी व्यवस्था सांभाळली. अधिवेशनाच्या नगराला ‘विजयनगर’ असे नाव देण्यात आले होते. स्वागतगीत गाणाऱ्यांत हुबळी-धारवाडकडची एक अकरा वर्षांची मुलगी होती. तीच पुढे गंगूबाई हनगल म्हणून किराणा घराण्याचा मोठा आवाज ठरली. शंभर वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, या अधिवेशनाची शताब्दी बेळगावात साजरी झाली, तेव्हा अनेक तरुण बेळगावकरांना आपण रोज ज्या रस्त्याने जातो त्याच्या नावाचा अर्थ प्रथमच कळला. हे सांगताना मला वाईट वाटते, पण ते खरे आहे.

७. त्या अधिवेशनात ठरले तरी काय?

असहकाराची चळवळ थांबल्यावर काँग्रेसमध्ये दोन तट पडले होते. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांचा स्वराज्य पक्ष कायदेमंडळात जाऊन लढावे या मताचा होता, तर गांधीजींचे निष्ठावंत बहिष्कारावर ठाम होते. गांधीजी आणि स्वराज्य पक्षाचे नेते यांच्यात आधीच झालेल्या समझोत्यावर बेळगावात शिक्कामोर्तब झाले. असहकार स्थगित ठेवायचा आणि कायदेमंडळातील काम स्वराज्य पक्षाने काँग्रेसच्या वतीने करायचे, असे ठरले. त्याच समझोत्याचा भाग म्हणून सभासदत्वासाठी चार आणे वर्गणीऐवजी दरमहा २,००० वार सूत द्यावे, स्वतः कातलेले नसेल तर दुसऱ्याकडून कातवून द्यावे, अशी अट आली. ही सुताची अट फार काळ टिकली नाही, परंतु पक्ष फुटण्यापासून वाचला.

८. काँग्रेस विहीर कोणती? ती अजून आहे का?

आहे. अधिवेशनासाठी हजारो माणसे येणार, त्यांना पाणी कोठून द्यायचे, हा आयोजकांपुढील पहिला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर म्हणून ही विहीर खणण्यात आली. तिला ‘पंपा सरोवर’ हे नाव दिले गेले. नगराचे नाव विजयनगर ठेवल्यावर पाण्याला पंपा सरोवर म्हणणे हे हंपीच्या परिसराची ओळख असलेल्या माणसाला आपोआप उमगते. रामकथेतील किष्किंधा आणि विजयनगरचे साम्राज्य या दोन्ही स्मृती तेथे एकाच दगडी भूमीवर नांदतात. विहिरीलगत नंतर वीरसौध हे स्मारक उभारण्यात आले असून तेथे अधिवेशनाची छायाचित्रे पाहता येतात.

माझ्या मते या संपूर्ण रस्त्यावरील सर्वांत मोलाची वास्तू ही विहीरच आहे. मंडप उतरवला गेला, कमानी गेल्या, झोपड्या मोडल्या, प्रतिनिधी आपापल्या गावी परतले. मागे राहिले ते पाणी. अधिवेशनासाठी केलेली एखादी सोय मुक्कामानंतरही गावाच्या उपयोगी पडावी, असे उदाहरण सहसा सापडत नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना बंगले दाखवण्याआधी ही विहीर दाखवावी, अशी माझी प्रत्येकाला विनंती असते.

९. किर्लोस्कर टिळकवाडीचे रहिवासी होते का? किर्लोस्कर रोड तर शहरात आहे.

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. तेथे बढतीच्या वेळी डावलले गेल्याने त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास थोरले बंधू रामुअण्णा यांच्याकडे आले. किर्लोस्कर बंधूंच्या सायकल दुकानाचा आरंभ १८८८ चा मानला जातो, आणि किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात त्याच वर्षापासून मोजतो. सायकलनंतर कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले. नांगर लवकर खपेना, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि ती दूर होण्यास बराच काळ जावा लागला.

उद्योग मार्गी लागत असतानाच नगरपालिकेच्या विस्ताराच्या धोरणामुळे किर्लोस्करांना कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान देऊ केले, आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंगाने भरलेल्या त्या माळाचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे शहराला मोकळ्या, आखीव वस्त्यांची ओढ लागली, त्याच सुमारास शहराचा सर्वांत होतकरू कारखाना शहराबाहेर गेला. जुने बेळगावकर हे सांगताना आजही हळहळतात, आणि ती हळहळ मला रास्त वाटते.

तेव्हा थेट उत्तर असे: किर्लोस्कर हे बेळगावचे खरेच, परंतु काँग्रेस रोडचे नव्हेत. ते गेले तेव्हा या रस्त्याला नावही मिळालेले नव्हते. त्यांच्या स्मृतीचा किर्लोस्कर रोड जुन्या शहरात आहे.

१०. स्वामी विवेकानंद टिळकवाडीत उतरले होते असे ऐकले आहे. खरे काय?

स्वामीजी बेळगावात आले ते ऑक्टोबर १८९२ मध्ये, कोल्हापूरहून. पहिले काही दिवस ते रिसालदार गल्लीत वकील सदाशिवराव भाटे यांच्याकडे राहिले, आणि नंतर किल्ल्यात वनाधिकारी हरिपद मित्र यांच्या निवासस्थानी. दोन्ही घरे आज स्मारक म्हणून जपलेली आहेत. भाटे यांचे चिरंजीव गणेश सदाशिव भाटे तेव्हा विद्यार्थी होते आणि पुढे प्राध्यापक झाले. त्यांनी लिहिलेल्या आठवणी फार प्रांजळ आहेत, कारण संन्यासी असूनही हा पाहुणा जेवणानंतर पान-सुपारी कसा मागतो, याचे घरच्यांना वाटलेले नवलही त्यांनी लपवलेले नाही. हरिपद मित्र आणि त्यांच्या पत्नी इंदुमती यांनी बेळगावातच स्वामीजींकडून दीक्षा घेतली. मित्रांच्या आग्रहाने स्वामीजींचे छायाचित्रही येथे काढले गेले. येथून ते गोव्याकडे गेले.

काँग्रेस रोडशी त्यांचा संबंध जोडणारी कोणतीही गोष्ट या वृत्तांतात नाही. ज्या गल्लीत त्यांचे पाय खरोखर लागले, तिचा मान दुसऱ्या रस्त्याला देणे हा रिसालदार गल्लीवर अन्याय होईल.

११. पु. ल. देशपांडे यांचा टिळकवाडीशी संबंध कसा? ‘रावसाहेब’ खरेच होते का?

राणी पार्वतीदेवी कॉलेज, म्हणजे आपले आरपीडी, १९४५ मध्ये सुरू झाले. साउथ कोकण एज्युकेशन सोसायटीच्या या महाविद्यालयाला सावंतवाडीच्या राणीसाहेबांचे नाव आहे. पु. ल. देशपांडे तेथे काही काळ मराठीचे प्राध्यापक होते. त्यांच्या व्यक्तिचित्रातले रावसाहेब हेही खरेच होते. कृष्णराव हरिहर हे त्यांचे नाव. त्यांचे बेळगावात सिनेमागृह होते, आणि संगीत-नाटकाचा त्यांना विलक्षण नाद होता. कानडी वळणाच्या मराठीत बोलणारा, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्यासारखा असा हा माणूस पु. लं.नी शब्दांत जिवंत ठेवला. बेळगावची बोली महाराष्ट्रभर पोहोचली ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

१२. कवयित्री इंदिरा संत यांचे घर कोणत्या पेठेत होते?

खाजगी घरांचे नेमके पत्ते या पानावर दिले जात नाहीत, कारण तेथे आज इतर कुटुंबे राहतात. इंदिराबाईंचा जन्म ४ जानेवारी १९१४ चा. पती ना. मा. संत १९४६ मध्ये अकाली गेले, आणि त्यानंतर मुलांना वाढवत, अध्यापन करत आणि कविता लिहीत त्यांनी आयुष्याची अनेक दशके बेळगावात काढली. शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. १९८४ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कवितेतील पाऊस, माती आणि मेंदीचा वास बेळगावच्या पावसाळ्यात राहिलेल्या वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पु. ल. १२ जून २००० रोजी गेले आणि इंदिराबाई १३ जुलैला. त्या पावसाळ्यात बेळगावने दोन माणसे गमावली.

१३. गुरुदेव रानडे येथेच राहत का?

गुरुदेव रा. द. रानडे यांचा जन्म जमखंडीचा, आणि समाधी निंबाळची. अलाहाबाद विद्यापीठात ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे कुलगुरू होते. टिळकवाडीला लागून असलेल्या हिंदवाडीत जे गुरुदेव रानडे मंदिर आहे, ते त्यांनी सुरू केलेल्या तौलनिक तत्त्वज्ञान आणि धर्म यांच्या अकादमीचे स्थान होय.

१४. हा भाग पूर्वी केवळ मराठी लोकांचाच होता का?

वर आलेली नावे पुन्हा वाचली तर याचे उत्तर मिळते. गंगाधरराव देशपांडे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत सहज वावरत, हर्डीकर आणि गंगूबाई कर्नाटकाचे, हरिपद मित्र बंगाली. १९३३ मध्ये केएलई (कर्नाटक लिंगायत एज्युकेशन) संस्थेने सुरू केलेले लिंगराज कॉलेज शिरसंगीच्या लिंगराज देसाई यांच्या नावाचे असून कॉलेज रोड त्यावरून ओळखला जातो. त्याच वेळी हेही खरे की मराठीचे येथील स्थान मोठे होते. १९२९ मध्ये शि. म. परांजपे यांच्या आणि १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलने बेळगावात भरली, आणि १९४६ च्या संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, त्याची वेदना येथील मराठी घरांत आजही आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. परंतु त्या वेदनेपायी शेजारच्या कानडी घराचा इतिहास वगळला, तर या रस्त्याची हकीकत निम्मीच राहील.

१५. आमचे घर जुने आहे. त्याचा इतिहास शोधायचा तर सुरुवात कोठून करावी?

घरातल्या ट्रंकेपासून. मूळ खरेदीपत्र, घरफाळ्याच्या पावत्या आणि वाटणीपत्र हे तीन कागद मिळाले तर निम्मे काम झाले. त्यानंतर सिटी सर्व्हे कार्यालयातून प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढावा. त्यावरील फेरफारांच्या नोंदींतून मालकी कोणाकडून कोणाकडे गेली ते क्रमाने दिसते. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रत सब-रजिस्ट्रार कार्यालयातून मागता येते.

अडचण भाषेची असते. १९५६ पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात असल्याने जुने कागद मराठीत किंवा इंग्रजीत, आणि त्याहून जुने बरेचदा मोडीत असतात. त्यानंतरच्या नोंदी कन्नडमध्ये आढळतात. एकाच घराची कुंडली वाचण्यासाठी मोडी जाणणारा एक आणि कन्नड वाचणारा एक, अशी दोन माणसे लागतात. गावाचे नावही बदलत जाते: मराठीत बेळगाव, जुन्या इंग्रजी दस्तांत बेलगाम, आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या सरकारी कागदांत बेळगावी. मालकीच्या दृष्टीने हा फरक निरर्थक आहे. कागद मोडीत आहेत म्हणून रद्दीत घालू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. बंगला पाडून अपार्टमेंट उभे राहते तेव्हा भिंतींबरोबर हे कागदही जातात, आणि मग त्या घरात कोण राहिले हे सांगायला काहीच उरत नाही.

१६. कॅम्पातील बंगला आणि शहापुरातील घर यांनाही वरील पद्धत लागू पडते का?

पूर्णपणे नाही. कॅम्प हा कँटोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत असून महापालिकेच्या नाही. तेथील अनेक जुने बंगले ‘ओल्ड ग्रँट’ या अटीवर आहेत, म्हणजे इमारत खाजगी मालकीची असली तरी जमीन सरकारची राहते. त्यामुळे नोंदी कँटोन्मेंट बोर्ड आणि संरक्षण खात्याच्या मालमत्ता कार्यालयात शोधाव्या लागतात, आणि खरेदीपत्रात जमिनीचा उल्लेख नसला तर तो कागदातील दोष असेलच असे नाही.

शहापूरची गोष्ट याहून निराळी आहे. मार्च १९४८ मध्ये दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत शहापूर सांगलीच्या पटवर्धनांच्या अमलाखाली होते. बेळगाव शहराला खेटून असूनही तेथे कायदा, कर आणि दप्तर संस्थानाचे चाले. म्हणून १९४८ पूर्वीचा शहापूरचा कागद बेळगावच्या कचेरीत सापडला नाही, तर तो हरवला असे मानू नये. सांगली संस्थानच्या दप्तरात त्याचा शोध घ्यावा.